देवीदासकाकांचा फोन

मनकर्णाकाकूंच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं वलगाव त्यांच्या मोबाइलकडे डोळे लावून बसलं होतं. साडेआठला तो वाजला आणि पडद्यावर त्यांच्या नवऱ्याचा, देवीदासकाकांचा फोटो आला. काकांना जाऊन चार महिने झाले होते.

तारानाथ महाराजांनी फोन कानाला लावला. "ऐका! ही घरघर म्हणजे जिवाचा श्वास. वर रेंज कमी, म्हणून शब्द पोचत नाहीत." बायकांनी हात जोडले.

उपायही तयार होता. जीव शेतात अडकलाय, शेत महाराजांच्या आश्रमाला लिहून दिलं की सुटेल! काकू उद्या सही करणार होत्या. त्या शेताशिवाय त्यांना दुसरा आधार नव्हता.

मी शेजारच्या खोलीत एकटी राहते, शाळेत विज्ञान शिकवते. भिंतीपलीकडचा तो फोन मलाही ऐकू यायचा. एक आठवडा सकाळी, पुढचा आठवडा रात्री. शेतीची लाइनही अशीच येते. मेल्यावर कुणी वीज मंडळाचं वेळापत्रक कशाला पाळेल?

मी सगळ्यांना विहिरीवर नेलं. मोबाइलवरून मोटर चालू-बंद करायची पेटी उघडली. आत काकांचं जुनं सिमकार्ड होतं, वर्षाचं रिचार्ज त्यांनीच मारून ठेवलेलं. मी मेन स्विच पाडला, पुन्हा वर केला. काकूंच्या हातातला फोन वाजला. पडद्यावर काका!

"लाइन आली की पेटी मालकाला फोन करते," मी सांगितलं. "तो उचलला नाही, तर दुसऱ्या नंबरवर. दुसरा नंबर काकूंचा. काका होते तोवर तेच उचलायचे. आणि ती घरघर पेटीचीच."

"अबे, अशी पेटी तं माह्याही वावरात हाय!" कुणीतरी ओरडलं. फोटो पाहून त्याचंही डोकं चाललं नव्हतं. महाराजांना तेवढ्यात अमरावतीची एसटी आठवली.

गर्दी पांगली. मी पेटीतून काकूंचा नंबर काढू लागले, तर त्यांनी माझा हात धरला.

"नोको काढू वं पोरी. पेटी हाय, समजलं मले. सही नाई करत मी. पन तो वाजते तरी. दुसरं कोन करते मले फोन?"

मी त्यांच्या मोबाइलमधली आलेल्या फोनची यादी पाहिली. खाली खाली गेले, तरी काकांचंच नाव. पुण्यातल्या मुलाचा, शेखरचा, शेवटचा फोन तेरावं झाल्यावरचा. मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पेटी उघडून बघा. मेलेली माणसं फोन करत नाहीत. तो जिवंतांनी करायचा असतो, आणि चार महिन्यांत मीसुद्धा एकदाही केला नव्हता.