छातीचं माप

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, उरलेल्या दोन्हींवर टॉर्च आणि सायकलचं कुलूप. घरातली माणसं त्यामुळे ताटं मांडीवर घेऊन जेवत होती, पण ज्यांचा नकाशा होता त्यांना त्याचं काही नव्हतं. हे घरातले सासरे. गल्लीत त्यांना सगळे मेजर म्हणत. खरं तर त्यांनी सैन्यात जन्मभर ट्रक चालवला होता आणि मेजरच्या हुद्द्याच्या बऱ्याच खाली निवृत्ती घेतली होती, पण ते ज्या थाटात दूध आणायला निघत तो बघून गल्लीने ही बढती बिनतक्रार देऊन टाकली होती.

तर मेजरांनी सम्राटांच्या जुन्या राजधानीची सहल आखायला घेतली होती. लाल पेन्सिलीने खुणा चालल्या होत्या. पहिल्या दिवशी टेकडीवरचा किल्ला आणि तिथल्या तोफा, मग शस्त्रागार, मग नदीकाठची रणभूमी, शेवटी सम्राटाची कबर. मुलगा अधूनमधून विचारी की उतरायच्या जागी अंघोळीला गरम पाणी असेल ना, आणि मेजर त्याच्याकडे असं बघत की रणभूमीवर असले प्रश्न विचारायची पद्धत नसते. कॉलेजात जाणारी नात फोटो कुठे चांगले येतील ते शोधत होती. सून पोळ्या वाढत होती आणि नकाशावरची एकच जागा बघत होती. राजवाड्यावर पेन्सिल टेकलीच नव्हती.

तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. मेजर म्हणाले, राजवाडा बाहेरूनच बघू, जाताजाता. आपण उन्हाळ्यात जाणार, तेव्हा दारावरचे शिपाई पांढऱ्या सदऱ्यांत असतात, त्यात काय बघायचं? खरा रुबाब थंडीतला, लाल कोटातला. पण थंडीत मेजरांचे गुडघे संप करतात, तेव्हा तो विषय बंद.

सुनेने तव्यावरची पोळी उलटली. जिभेवर आलेलं तिने गिळलं.

ते लाल कोट तिच्या हातचे होते. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायची आणि कापायची, आणि राजवाड्याच्या पहारेकऱ्यांचा हिवाळी कोट तिच्याशिवाय कुणी कापत नसे. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, जसं गच्चीवर पाण्याची टाकी आहे हे माहीत असतं. तीन वर्षांपूर्वी थंडीत मेजर जुन्या सोबत्यांबरोबर राजधानीला जाऊन आले, तेव्हा आठवडाभर त्यांच्या तोंडी एकच विषय होता. काय ती पहाऱ्याची बदली. बंदुकीसकट हात वर जातो आणि पाठीवर एक सुरकुती पडत नाही. याला म्हणतात कवायत. तिने तेव्हा चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि ती वाट बघत उभी राहिली. मेजर चहा प्यायले आणि वर म्हणाले, कपड्यात काय असतं, रुबाब आतल्या माणसाचा. ते तिला फार लागलं. पण आपलं कौतुक आपण मागायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. ती वर्षानुवर्षं थांबली होती, आणखीही थांबली असती.

कारखान्यात मात्र तिचा शब्द म्हणजे शब्द. त्यामागे एक जुनी फजिती होती. ती नवीन असताना पलटणीकडून पहारेकऱ्यांची मापं आली, तिने ती तंतोतंत धरली, कोट गेले आणि सगळेच्या सगळे परत आले. सोबत निरोप, की प्रत्येक कोटात आणखी एक शिपाई मावेल. बरेच दिवस कुणाला उलगडा होईना. मग तिच्याच डोक्यात प्रकाश पडला. शिपायापुढे टेप धरली की तो सावधान होतो. पोट आत, छाती बाहेर, श्वास कोंडलेला, आणि ते माप कागदावर चढतं. पुढे कोट घालून तो माणसासारखा श्वास सोडणारच, आणि कोट सैल पडणार. तेव्हापासून कारखान्यातून कडक सूचना जाते: आधी श्वास सोडायला लावा, मग टेप लावा. शेजारचा नवरदेव सूट बेतायला आला तरी ती पहिल्यांदा हेच सांगते. गिऱ्हाईक हसतं, पण श्वास सोडतं.

आणि तरीही चालत्या माणसाच्या अंगावर तिने तो कोट कधी पाहिला नव्हता. टेबलावर पाहिला होता, खुंटीवर पाहिला होता, कागदात गुंडाळून खोक्यात जाताना पाहिला होता. लेकीने एकदा फोनवर दाखवला तर लांबून काढलेले लाल ठिपके दिसले.

नकाशा पसरल्याच्या दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकांनी तिला बोलावलं. खुर्ची पुढे केली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. राजवाड्याचं काम दुसरीकडे चाललं होतं. नवं हलकं कापड, नवा नमुना, कापणी यंत्रावर. तिला बाकीचं काम भरपूर आहे, काळजी नको, पण लाल कोटांचा हा शेवटचा हिवाळा. मालकांना वाईट वाटत होतं आणि ते तसं बोललेही. ती बरं म्हणाली, टेबलापाशी आली आणि टपालवाल्यांच्या पँटी कापायला लागली. कात्री नेहमीसारखीच चालली. उन्हाळ्यात गेलो तर कोट पेट्यांत असतील, आणि पुढच्या थंडीत पेट्यांतही नसतील.

संध्याकाळी मेजर उन्हाळ्याची तिकिटं काढायला सांगतच होते. नात फोन घेऊन बसली होती, तारीख टाकायची तेवढी बाकी होती. सुनेने हात पुसले आणि ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, मला ह्याच थंडीत जायचंय," ती म्हणाली.

मेजरांनी गुडघ्यांचा मुद्दा पुन्हा मांडायला तोंड उघडलं.

"ऐकून घ्या आधी. राजवाड्याचे कोट मी कापते. इतकी वर्षं कापतेय आणि चालताना एक पाहिला नाही. पुढच्या वर्षीपासून ते काम दुसरीकडे चाललंय. तुमचे किल्ले कुठे पळत नाहीत, बाबा. माझे कोट चाललेत."

नवरा ताटाकडे बघत राहिला. आपल्याला हे कधीच कसं सुचलं नाही, याची लाज त्याच्या तोंडावर सरळ दिसत होती. तिला मात्र बोलल्याचा पश्चात्ताप नव्हता.

मेजरांनी नकाशाकडे बघत हळूच विचारलं, "ते पाठीवर सुरकुती पडत नाही, ते?"

"बाही खाकेत अगदी वर बसवते मी. हात उचलला तरी कोट उचलला जात नाही."

"म्हणजे मी तीन वर्षं कवायतीचं कौतुक करतोय."

"कवायत चांगलीच आहे त्यांची," ती म्हणाली. तेवढं तिने मोठ्या मनाने देऊन टाकलं.

मेजरांनी खोडरबर मागितलं. किल्ला, शस्त्रागार, रणभूमी, सगळ्यांवरच्या खुणा पुसल्या आणि राजवाड्याभोवती इतकं मोठं वर्तुळ काढलं की निम्मी राजधानी त्यात आली. पहिल्या दिवशी राजवाडा, त्यांनी हुकूम सोडला. दुसऱ्या दिवशीही सकाळी राजवाडा, कारण एकदा बघून कोटाची पाठ नीट कळत नाही. उरलेल्या वेळात तोफा बसल्या तर बसवू. नात तारीख बदलायला लागली. मुलाने गुडघ्यांची आठवण करून दिली, तर मेजर म्हणाले की गुडघ्यांना कुणी मत विचारलेलं नाही.

मग त्यांनी सुनेकडे वळून जरा घसा खाकरला. घरात एवढी मोठी कारागीर असताना आपण राजवाड्याच्या फाटकापुढे बाजारातल्या स्वेटरात उभं राहायचं, हे त्यांना पटत नव्हतं. एक जाड कोट हवा. लाल नको, लाल शिपायांचा मान. पण बेत तोच.

तिने पिशवीतून टेप काढली. मेजर दिव्याखाली जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या, हनुवटी वर. गुडघे कुरकुरले तिकडे त्यांनी कानाडोळा केला. तिने खांदा मोजला, बाही मोजली, आणि छातीभोवती टेप आणून नेहमीसारखी थांबली.

"श्वास सोडा, बाबा."

मेजर समोरच्या भिंतीकडे बघत होते. डोळे भरले होते आणि ते पुसायला सावधान मोडावं लागलं असतं, म्हणून तसेच होते.

"आज नाही सुटायचा," ते म्हणाले. "असंच माप घे."

तो कोट त्यांना सैल होणार, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. तिने तेच माप घेतलं.