मोठ्या शब्दांतले बाबा

सुओंग यायची ती दुपारी सव्वाबाराला, वॉर्डातून थेट. चपला काढता काढताच तिचं सुरू व्हायचं, "बाई, कालचे दहा म्हणून दाखवू?"

"आधी चहा पी," मी म्हणायची आणि पंखा तिच्याकडे वळवायची. चहा म्हणजे आमचा पानांचा कडू हिरवा. तो पोटात गेला की माणूस तासभर तरी जागं राहतं.

जून महिना होता. लाओसच्या डोंगरांवरून उतरणारा गरम, कोरडा वारा सुटला की विन्ह शहरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर फिरकत नाही. फिरतात ते इंग्रजी शिकणारे. माझ्या बाहेरच्या खोलीत अठरा वर्षं मी हा उद्योग करते आहे. आता कंटाळा आलाय म्हटलं तर लोक विचारतील, मग दुसरं काय येतं तुला? दुसरं काही येत नाही, म्हणून कंटाळत का होईना, शिकवते.

सुओंग अडतीस वर्षांची. चौदा वर्षं इस्पितळात नर्स. ॲडलेडच्या एका वृद्धाश्रमाने तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. अट एकच, इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नवापैकी सात हवेत. ती चार वेळा बसली आणि चारही वेळा साडेसहावर अडकली. शेवटी आश्रमाचं पत्र आलं की जूनअखेर सात दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला देऊ.

"ही पाचवी खेप, बाई," ती म्हणाली होती. "यात नाही झालं तर त्या भाषेला माझा कोपरापासून नमस्कार."

"तिथे जाऊन तरी काय, म्हाताऱ्यांची धुणीच धुवायची ना?"

"हो. पण तिथे एका खाटेवर एकच माणूस झोपतो म्हणे. मला एकदा तेवढं बघायचंय."

मी तिची लाल वही उघडली.

माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे अशी लाल वही असते. डाव्या बाजूला साधा शब्द, उजव्या बाजूला त्याच अर्थाचा मोठा. रोज दहा. 'चांगलं' खोडायचं आणि 'सर्वथैव स्पृहणीय' लिहायचं. 'थकले' खोडायचं आणि 'नितांत क्लांत'. वही भरत आली की मी त्या शब्दांची उत्तरं बांधून देते आणि मुलं ती घोकतात. आमच्याकडे शिक्षण म्हणजे घोकणंच. माझ्या आईने घोकलं, मी घोकलं, शाळेतला निबंधसुद्धा आम्ही गुरुजींचाच पाठ करून लिहायचो. सुओंग तर इतकी गुणी की खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत असायची आणि मी विचारलं की डोळे न उघडता सांगायची, "बाई, मी नितांत क्लांत झाले आहे." आणि ते खरंच असायचं.

माझा थोरला भाऊ खाम दादा शेजारच्याच घरात राहतो. दुचाक्या दुरुस्त करतो आणि मधूनमधून माझी खोड काढायला येतो. "काय मियेन, आज किती लाकडी मासे विकलेस?"

आम्हा न्गे-आन प्रांताच्या लोकांना सगळा देश या माशावरून चिडवतो. म्हणे आमच्याकडचा गरीब विद्यार्थी राजधानीला निघाला की झोळीत एक लाकडी मासा ठेवायचा. खानावळीत नुसता भात मागायचा, वाडग्यात तो मासा ठेवायचा, वरून मासळीचं खारं पाणी ओतायचा आणि ते चाटून भात खायचा. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा मासा खातोय. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी भांडले असते. दादा पडला दादा.

"तुझ्या पोरांना वास तरी येतो का रे इंग्रजीचा?" मी उलटून म्हणायची. मग तो हसत निघून जायचा.

परीक्षेत एक प्रश्न फिरून फिरून येतो. घरातल्या, मनात आदर असलेल्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला. मी सुओंगला विचारलं, "तुझे वडील काय करायचे?"

"बर्फ ओढायचे, बाई. हातगाडीवरून. धक्क्यावरच्या होड्यांना."

"आणखी?"

तिने बराच विचार केला. "आणखी काय... दारू नाही, मारझोड नाही. बर्फ ओढायचे."

"यावर सात मिळत नाहीत," मी म्हटलं आणि तिला माझे बाबा दिले.

माझे बाबा क्वा-लोच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करायचे. आठ वर्षांपूर्वी गेले. त्याच वर्षी मी त्यांच्यावर उत्तर लिहिलं. रात्रंदिवस रडून झाल्यावर काहीतरी करायला हवं म्हणून लिहिलं, आणि चांगलं उतरलं. 'माझे तीर्थरूप दुर्दम्य चिकाटीचे मूर्तिमंत प्रतीक होते. कालौघात त्यांचे हात जीर्ण झाले, तथापि त्यांची निष्ठा अविचल राहिली.' एका मुलीला त्यावर सात मिळाले. मग काय, प्रत्येक तुकडीला मी तेच देऊ लागले. आम्ही दोघंच भावंडं, पण परीक्षेच्या खोलीत बाबांना किती लेकरं झाली असतील, देव जाणे.

सुओंगने बाबांना तीन दिवसांत पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे उसासा टाकायचा, सगळं. चारही परीक्षांत तिला घरातल्या माणसाचा प्रश्न आला नव्हता. या खेपेला येणार, असं माझं मन सांगत होतं.

शनिवारी ती परीक्षेहून थेट माझ्याकडे आली. चहा दिला तर नुसता पेला धरून बसली.

"आला प्रश्न?"

"आला."

"मग! म्हटलं नव्हतं मी?"

"परीक्षक तोच होता, बाई. दर महिन्याला हनोईहून येतो ना, पिकल्या दाढीचा. मी म्हणत गेले. 'कालौघात त्यांचे हात जीर्ण झाले' इथवर आले आणि श्वास घ्यायला थांबले. तर तो म्हणाला, 'तथापि त्यांची निष्ठा अविचल राहिली.'"

मला कळेचना. "तो म्हणाला म्हणजे?"

"पुढचं वाक्य त्यानेच म्हटलं. रागावला नव्हता. दमलेला वाटला, आपल्यासारखाच. मग पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, 'यांना मी चांगला ओळखतो. तेवढं सांगा, तुमच्या वडिलांना खायला काय आवडायचं?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तुमच्या वडिलांना काय आवडायचं ते वहीत कुठे आहे? मग वाटलं, सात तर गेलेच. म्हणून माझ्या बापाचं सांगितलं. त्यांना भांड्याच्या बुडाचा करपलेला भात आवडायचा. आई तो खरवडून बाजूला ठेवायची. बर्फ ओढताना खांद्यावर गोणपाट टाकायचे ते, ओलं. घरी आले की तो खांदा गार लागायचा. या वाऱ्याच्या दिवसांत आम्ही पोरं त्या खांद्याला गाल लावायला भांडायचो. कोणाची पाळी पहिली म्हणून."

"हे कोणत्या शब्दांत सांगितलंस?"

"असेच. भात. खांदा. गार. पहिल्या इयत्तेतले."

आणि मी भडकले. खरं तर मला माझीच लाज वाटत होती, पण लाज वाटली की मी ओरडते, हा माझा जुना रोग. "पाच महिने! पाच महिने मी तुझ्या डोक्यात शब्द कोंबते आहे आणि तू तिथे जाऊन करपलेला भात वाढलास? पालथ्या घड्यावर पाणी! अगं, उसासा टाकून तेच पुढे रेटायचं होतंस! तो काय खाणार होता तुला?"

ती उठली, मोरीत जाऊन पेला विसळला, पालथा घातला आणि गेली. जाताना दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे पाच दिवस मी शिकवलं की नुसती खुर्ची अडवली, मला आठवत नाही. दर दुपारी सव्वाबाराला दाराकडे लक्ष जायचं. एका बाईचं आयुष्य मी माझ्या हाताने बुडवलं, असंच वाटत होतं. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. माफी मागायलासुद्धा अंगात जोर लागतो.

गुरुवारी तिचाच फोन आला.

"सात, बाई."

"काय?"

"बोलण्यात सात. आश्रमाला कळवलंसुद्धा." मग बराच वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत राहिला. मला वाटलं, रडते आहे. पण ती म्हणाली, "मी आता झोपते, बाई. रविवारी येते."

मी फोन ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पोरगी सुटली. पण त्या आनंदाच्या बुडाशी काहीतरी करपलं होतं, आणि ते खरवडून काढायची माझी तयारी नव्हती.

रविवारी बाबांचं वर्षश्राद्ध होतं. दर वर्षी जुने विद्यार्थी येतात. यंदाही सात-आठ जण आले, सगळे बाबांना तोंडपाठ म्हणू शकणारे. मी पहाटेपासून राबत होते. देव्हाऱ्यावर बाबांच्या फोटोपुढे अख्खी उकडलेली कोंबडी, चिकट भात, फळं, तांदळाची दारू. सगळं रीतसर मांडलं होतं.

सुओंग ड्रॅगन फळांची टोपली घेऊन आली. बऱ्याच दिवसांनी झोपलेल्या माणसाचा चेहरा होता तिचा, थोडा सुजलेला. तिने तीन उदबत्त्या लावल्या, कपाळाशी धरल्या आणि फोटोला मोठ्याने म्हणाली, "काका, विचारल्यावाचून तुम्हाला बाप म्हटलं. रागावू नका. आता माझा मला सापडलाय."

सगळे हसले. खाम दादा तर गुडघ्यावर थाप मारून हसला. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, मी शपथेवर सांगते.

"बाई, त्या माणसाने विचारल्यापासून माझ्या डोक्यात घोळतंय. यांना काय आवडायचं हो खायला?"

मी तोंड उघडलं. आणि माझ्या जिभेवर आलं, दुर्दम्य चिकाटी.

मी ते गिळलं आणि पुन्हा शोधलं. बाबांचे हात आठवायला गेले तर 'जीर्ण' आला, हात आलेच नाहीत. त्यांचा आवाज शोधला तर माझाच आवाज ऐकू आला, खडू हातात धरून वाक्य तोडून सांगणारा. आठ वर्षं दर तुकडीला मी त्यांना फळ्यावर लिहिलं होतं आणि पुसलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला माझ्या बापाला काय आवडायचं ते माहीत नव्हतं.

"वाम माशाची पेज," खाम दादा म्हणाला. दारूचा पेला हातात फिरवत, अगदी सहज. "नाक्यावरच्या म्हातारीकडची. तिखटजाळ. कोंबडीला कधी तोंड लावायचे नाहीत. म्हणायचे, हिला कसली चव? आणि घाई तर एवढी, की दर खेपेला जीभ भाजून घ्यायचे. मग आईची बोलणी."

"आठ वर्षं मी कोंबडी ठेवतेय," मी म्हटलं. "बोलला का नाहीस तू?"

दादाचं हसू मावळलं. "तू शिकलेली, मियेन. त्यांच्यावर एवढं लिहिलंस. मला वाटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार."

मी स्वयंपाकघरातून डबा उचलला. सुओंग म्हणाली, "मी जाते, बाई, ऊन फार आहे," पण मी ऐकलं नाही. नाक्यापर्यंत पाचशे पावलं असतील. वाऱ्याने डोळे कोरडे पडतात, त्यामुळे कोणी पाहिलं असतं तरी काही कळलं नसतं. म्हातारीच्या जागी आता तिची सून बसते. "ताई, तिखट किती?" तिने विचारलं. "जाळ," मी म्हटलं.

घरी आले तोवर उदबत्त्या विझून गेल्या होत्या. त्या विझल्या की पाहुणे जेवायला बसतात, पण कोणी बसलं नव्हतं. मी कोंबडी खाली उतरवली आणि तिच्या जागी वाडगा ठेवला. दादाने नवी उदबत्ती पेटवून माझ्या हातात दिली.

आमच्यात धाकट्याने मोठ्याला जेवायला बोलावल्याशिवाय कोणी घास उचलत नाही. रोज, प्रत्येक घरात, प्रत्येक जेवणाला. बाबा होते तोवर मीही बोलवायची. ते गेल्यावर वर्षश्राद्धाला मी हात जोडून मनातल्या मनात ते उत्तर म्हणायची, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत. मला वाटायचं, यापेक्षा मोठं त्यांना काय देणार? आणि बाबांना तर इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं.

वाडग्यातून वाफ वर येत होती. मी जवळ सरकले.

"बाबा, जेवा," मी म्हटलं. "सावकाश. जीभ भाजेल."