पिंजारी गल्लीतली प्लेट आणि वच्छलाबाईंच्या बिबड्या

मित्रांनो, मी एक सोलरची प्लेट आहे. मला कुणी जुनी म्हटलं की राग येतो, कारण गच्चीवर येऊन मला जेमतेम तीन उन्हाळे झालेत. पण खानदेशातले तीन उन्हाळे म्हणजे काय, ते माझ्या काचेला विचारा.

कारखान्यातून ट्रकमध्ये उभ्याउभ्या मी एरंडोलकडच्या एका गावी आले. नगरपालिकेने ठरवलं होतं की प्रत्येक गल्लीत एका घरावर सोलर बसवायचं, म्हणजे बाकीचे बघून बसवतील. पिंजारी गल्लीत हा मान ताजबीच्या घराला मिळाला. तिचा नवरा असलम गाद्या भरतो, ती उशांच्या खोळी शिवते. आम्ही चौघी बहिणी तिच्या गच्चीवर चढलो. गल्लीच्या तोंडाशी एक पाटी लागली. आम्ही किती वीज करतो त्याचा आकडा तिच्यावर लाल दिव्यांत दिसायचा. लोक थांबून वाचायचे आणि मी फुगायचे. पुढे लोक पाटीखाली नुसत्या मोटारसायकली लावू लागले.

यंदा नगरपालिकेने नवी योजना काढली. मार्चअखेर गल्लीतल्या बारा घरांनी सोलरसाठी नावं दिली, तर गल्लीच्या बोअरवर उन्हावर चालणारा पंप मिळणार होता. आमच्याकडे दुपारी वीज जाते, टाकी कोरडी राहते आणि ताजबी दुखरा गुडघा ओढत शेजारच्या गल्लीतून हंडे आणते. तिला तो पंप हवाच होता. ती दारोदार फिरली. नावं मिळाली चार.

अडलं होतं समोरच्या वच्छलाबाईंपाशी. दर उन्हाळ्यात त्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. त्या म्हणाल्या, "ह्या प्लेटा बठ्ठं ऊन खाई जातस. मन्या बिबड्या कोठे वाळतीन?" वच्छलाबाई नाही म्हणाल्या की गल्ली नाही म्हणते.

त्यांची मर्जी राखायला ताजबीने शेवटच्या दिवशी आपली गच्ची त्यांना बिबड्या घालायला दिली आणि स्वतः पाण्याला गेली. ज्वारीच्या ओल्या बिबड्यांनी गच्ची भरली, तरी परात संपेना. वच्छलाबाईंनी आम्हाला पाहिलं. आम्ही गरम, स्वच्छ, शिवाय तिरक्या. उरलेल्या बिबड्या त्यांनी आमच्या तोंडावर थापल्या आणि त्या खाली गेल्या. माझा किती अपमान झाला म्हणून सांगू.

तेवढ्यात नगरपालिकेचे रुपचंदभाऊ नावं न्यायला आले. पाटीवरचा आकडा जवळजवळ शून्यावर होता. "ताजबीनं सोलर झोपनं," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. हंडा घेऊन परतलेल्या ताजबीचा चेहरा पडला. तिला वाटलं, आता मिळालेली चार नावंही जाणार.

रुपचंदभाऊ तिच्यासोबत वर आले. बिबड्या निघता निघेनात. ताजबीने क्षणभरही विचार केला नाही. "हाई पानी ल्या भाऊ. मी दुसरं लई येसु," म्हणत तिने अख्खा हंडा आमच्यावर रिता केला.

एकेक बिबडी सुटली तसा खाली आकडा चढला. पाटीखाली उभ्या वच्छलाबाई मोठ्याने आकडे वाचत होत्या, गल्ली त्यांच्यामागून म्हणत होती. नगरपालिकेला माहितीपत्रकं वाटून तीन वर्षांत जे जमलं नाही, ते माझ्या माखलेल्या तोंडाने दहा मिनिटांत केलं.

"ऊनमा ताकद शे," वच्छलाबाई गच्चीवर येऊन म्हणाल्या. "पन बिबड्यास्नं काय?"

रुपचंदभाऊंनी खडूने गच्चीवर रेघ ओढली. "बाई, रेघेच्या इकडे प्लेट, तिकडे बिबड्या. अर्ध्या गच्चीतच भागतं. प्रत्येक अर्जावर तसं लिहून देतो."

"मंग मनं नाव लिखी ल्या."

संध्याकाळपर्यंत चौदा नावं झाली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, वीज गेलेली असताना नव्या पंपाने नळाला पाणी आलं. सगळ्यांची हंडे लावायची घाई उडाली. ताजबीने हंडा लावला नाही. ती ओट्यावर बसली आणि दुखरा गुडघा नळाखाली धरून नुसती हसत राहिली. गच्चीवरून ते बघून मला फार बरं वाटलं.

मित्रांनो, आम्हाला हारतुरे नकोत. आठवड्यातून एकदा आमच्यावर थोडं पाणी मारा आणि फडक्याने तोंड पुसा. एवढं केलंत तर कुणाच्या तरी डोक्यावरचा हंडा उतरेल.