गुरुवारच्या मौनाची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझी लाकडी चौकट एका कोपऱ्यात सुटली आहे आणि अंगावर एक बारीक तडा आहे. एखाद्या शाळेत गेले असते तर मुलांकडून मुळाक्षरं गिरवून घेतली असती. पण पनवेलच्या बाजारातून मला थेट तळ्याकाठच्या एका मठात आणलं आणि माझ्या वाट्याला मौन आलं.

या मठात गुरुवारी मौन पाळायची रीत होती. सकाळच्या आरतीपासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. अगदीच अडलं तर खिळ्यावरची पाटी काढायची आणि लिहायचं. 'पाणी संपलं.' 'दूध उतू गेलं.' ट्रस्टचे काशिरामशेठ तर माझ्यावर भांडायचेसुद्धा. दोन्ही बाजू भरल्या तरी त्यांचा राग उरायचाच! बाकीचे सहा दिवस मात्र मी भिंतीला लटकून असायची. बोलत्या माणसांना पाटी कशाला लागते?

सगळ्यांत कडक मौन भीमाबाईचं. उमेदीची वर्षं मिठागरात राबलेली ही बाई मठाचं स्वयंपाकघर सांभाळायची. चौथीपर्यंत शिकलेली होती, पण गुरुवारी मला हातही लावायची नाही. लिहिणं म्हणजे बोटांनी बोलणंच, असं ती म्हणायची.

मे महिन्यात मठात मुलांचं संस्कार शिबिर भरायचं. एका वर्षी नऊ वर्षांची प्राजक्ता आली. मठाचे बुवा एकेका मुलाला 'सेवेला' म्हणून आतल्या खोलीत बोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. तिथे ते मुलांच्या अंगाला नको तिथे हात लावायचे. प्राजक्तालाही बोलावलं. बाहेर सोडताना ते तिला म्हणाले, "हे तुझं मौनव्रत. कोणाजवळ बोललीस तर व्रत मोडेल आणि तुझी आई आजारी पडेल."

लेकराला ते खरं वाटलं. पण तिने डोकं चालवलं. व्रत न बोलण्याचं आहे ना, मग लिहिलं तर चालेल! गुरुवारी स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं आणि लिहिलं, 'बुवा खोलीत घाण वागतात. मला भीती वाटते.' मला छातीशी धरून ती भीमाबाईकडे गेली.

भीमाबाई तांदूळ निवडत होती. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. तिने आतल्या खोलीकडे पाहिलं, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि मला पुसून काढलं. मित्रांनो, माझ्यावरून हजारो अक्षरं पुसली गेली असतील. तो ओला पदर मला अजून गार लागतो.

संध्याकाळी मौन सुटताच 'पोरीला ताप आलाय' असा निरोप धाडून भीमाबाईने प्राजक्ताला घरी पाठवलं. बाकीची मुलं तिथेच राहिली. पुढच्या मे महिन्यात नवी आली.

मग मोबाइल आले. मौनातली माणसं मोबाइलवर लिहू लागली. माझी रवानगी लोणच्याच्या बरणीवर झाली, झाकण म्हणून. तिथे मी कितीतरी वर्षं होते.

यंदाच्या मे महिन्यात प्राजक्ता परत आली. आता ती करंजाड्याला राहते. सोबत नीलेश आणि समीक्षा होते. तेही याच शिबिरातले आणि याच खोलीतून गेलेले. तिघांनी पोलिसांत तक्रार दिली होती. शिवाय तालुक्यातल्या देवळांत, आश्रमांत, चर्चमध्ये, मदरशांत जाऊन ते एकच मागणं मागत होते. बंद दाराआड मुलासोबत कुणी मोठं माणूस एकटं असू नये, आणि मुलाने तक्रार केली तर ती आतल्या आत मिटवू नये.

प्राजक्ताने आल्या आल्या देवाला नमस्कार केला. बुवांना केला नाही.

दुसऱ्या दिवशी शिबिर सुरू व्हायचं होतं. चाळीस मुलांच्या गाद्या अंगणात उन्हाला घातल्या होत्या. आणि हे तिघं आले तो नेमका गुरुवार होता. ट्रस्टच्या लोकांनी या तिघांसोबतच्या बैठकीपुरतं मौन सोडलं. भीमाबाईने सोडलं नाही.

"सतरा वर्षं झोपली होतीस काय गं?" काशिरामशेठ म्हणाले.

"झोपच तर लागत नव्हती, काका."

"पुरावा काय?"

"मी लिहून दिलं होतं. पाटीवर."

सगळे हसले. शेठनी मला बरणीवरून मागवून घेतलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं. "घ्या! वाचा आता!"

माझ्यावर तेलाचा गोल डाग होता. दुसरं काही नव्हतं. इतकं एकटं मला त्या खिळ्यावरही कधी वाटलं नव्हतं.

प्राजक्ता भीमाबाईकडे वळली. "मावशी, तुमचं मौन आहे. मी संध्याकाळपर्यंत थांबते."

भीमाबाई उठली. शेठनी घाईने मला पुढे केलं. "लिहा मावशी, असलं काही नव्हतं म्हणून. एवढं लिहा आणि बसा."

तिने मला हातात घेतलं आणि जमिनीवर ठेवलं.

"लिवून काय करू, शेठ? लिवलेलं पुसता येतं. मीच पुसलं. ही पोर खोटं नाय बोलत. बुवांचं नाव लिवलं होतं तिनं. देवाचं घर बदनाम होईल म्हनून मी पुसलं."

"मावशी, व्रत मोडलंत!" कोणीतरी कळवळलं.

"मोडू दे. उद्या चाळीस पोरं येतान. त्यांना कोन बघंल?"

शिबिर झालं नाही. भीमाबाईने पोलिसांत जबाब दिला. प्राजक्ताच तिला रिक्षाने घेऊन गेली, पण वाटेत दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत म्हणे. प्राजक्ताने तिला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. बुवांवर खटला चालू आहे. मठातलं कोणी आता भीमाबाईशी बोलत नाही. ती मागच्या पायरीवर एकटीच जेवते. कधी कधी मला शेजारी ठेवते, पण लिहीत काही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. असलं पाप लपवायला लावणारं कोणतंही व्रत देवाचं नसतं. ते मोडा. तुमच्या आईला काही होत नाही. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, तिसऱ्याला सांगा, १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन करा. आणि मोठ्यांनो, एखादं मूल तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं, तर हातातले तांदूळ खाली ठेवा आणि त्याचं ऐका.