खुंटीवरची समाधी

विजेच्या टॉवरच्या पायासाठी शेतात जिथं खुंटी ठोकली होती, तिथंच शशिधर आप्पांनी मरणाआधी जागा मागितली. "मला त्या खुंटीवर बसीव. मग बघू कसा टॉवर उभा करत्यात." लिंगायतांत मृताला बसवून पुरतात. रुद्राणीनं विभूती, बेलपानं घालून बापाला तिथंच बसवलं.

सीमेपलीकडच्या पवनचक्क्यांची वीज पुण्याकडं नेणारी लाइन कागलच्या शिवारात या समाधीपाशी अडली. दोन्ही अंगांना टॉवर उभे, मधे तार नाही.

"वीज न्यायला वाट न्हाय म्हणून तिकडं चक्क्या बंद ठेवाव्या लागत्यात, ताई," इंजिनिअर उदयसिंह म्हणायचे.

"मग वाट माझ्या बापाच्या डोस्क्यावरनंच व्हय?"

आज ते पोलीस घेऊन आले. गावानं दगड उचलले, पोलिसांनी काठ्या. गावातल्या एकाचं डोकं फुटलं. दोन महिला पोलिसांनी रुद्राणीचे हात पिरगाळून तिला बांधावर दाबून धरलं. उभा ऊस तुडवत जेसीबी समाधीपाशी आला आणि त्यानं बकेट जमिनीला टेकवली.

चालक आकाराम मुरगूडचा. तो खाली उतरला, चपला काढल्या, माती कपाळाला लावली. मग वर चढला आणि त्यानं बकेट उचलली.

खोदण्याआधी इकडं सगळेच असे पाया पडतात. रुद्राणीच्या धाकट्या भावानं, शिवकुमारनं, तोच अर्थ घेतला आणि ऊसतोडीचा कोयता घेऊन केबिनमध्ये उडी मारली.

"माझ्या बापाला उकरतोस व्हय रं, भाड्या!"

पहिला घाव मनगटावर, दुसरा खांद्यात. आकाराम लिव्हरवर कोसळला. बकेट दाणकन समाधीवर आदळली. माती फाटली, आतली पांढरी विभूती उघडी पडली.

"मागं घेत हुतो की रं," आकाराम कण्हला. "बकेट उचलल्याबिगर गाडी हलत न्हाय... आप्पांची माफी मागितली फकस्त."

पोलीस शिवकुमारवर तुटून पडले. रुद्राणीवरची पकड सुटली. ती धावली.

"आक्का, आप्पांना झाक!" मार खात शिवकुमार ओरडत होता. "आधी आप्पांना झाक!"

रुद्राणी समाधी ओलांडून केबिनमध्ये चढली. ओढणी फाडून तिनं आकारामच्या मनगटावर आवळली. रक्त तरी बोटांतून येतच राहिलं.

"गाडी आणा," ती उदयसिंहांना म्हणाली. "याला न्या आधी. मग मला दोन माणसं द्या. आप्पांना दुसरीकडं बसवते."