ठिगळालाही माणूस लागतं

एकेकाची एकेक खोड असते. कुणाला घोरल्याशिवाय झोप लागत नाही, कुणाला भांडल्याशिवाय अन्न पचत नाही. आपल्या या चित्रकारांना समोर माणूस बसल्याशिवाय चौकोन काढता येत नसे.

हो, चौकोनच. नाक नाही, डोळा नाही, कानाची पाळीसुद्धा नाही. मोठ्या कॅनव्हासवर एक राखी ठिगळ, त्याला खेटून एक मातकट ठिगळ आणि कोपऱ्यात रुसून बसलेलं एखादं पिवळं. सगळी गल्ली त्यांना ठिगळबुवा म्हणायची. आणि एवढ्यासाठी त्यांची बायको रोज सकाळी उंच पाठीच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, हूं की चूं न करता बसायची. भिंतीला रंग द्यायचा आणि त्यासाठी समोर घरमालकाला उभं करायचं, तसला प्रकार.

सुरुवात अशी नव्हती. तरुणपणी बुवा माणसं काढायचे, आणि अशी काढायचे की एका शिंप्याने म्हणे चित्रातल्या गृहस्थाचं माप घेऊन कोट शिवला आणि तो कोट गृहस्थाला बगलेतसुद्धा काचला नाही. पण माणूस काढला की माणूस तक्रार घेऊन येतो. नाक जरा आखूड करा. हनुवटी एकच ठेवा. आमच्या हिचा रंग एवढा सावळा नाही हो. बुवा वैतागले. आधी त्यांनी नाकं काढून टाकली, कारण भांडणाचं मूळ तेच. नाकाविना डोळे ओशाळे दिसायला लागले, म्हणून डोळे गेले. मग हात गेले, मग खांदे उतरले, आणि शेवटी उरलं ठिगळ. जाणकार म्हणाले, बुवा फार पुढे गेले. बुवा कुठेही गेले नव्हते. थकले होते, एवढंच.

मात्र खुर्ची रिकामी ठेवून काढलेलं ठिगळ ओल्या पोतेऱ्यासारखं पडून राहायचं. बायको बसली की त्याच राखी रंगात कुणीतरी श्वास घ्यायला लागायचं. थाप वाटत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे चौकशी करा. त्यांनी बाहेरच्या खोलीत बुवांचं एक चित्र टांगलं, आणि त्या दिवसापासून तिथले रोगी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसू लागले. दाढ ठणकत असली तरी एकानेही ‘अजून किती वेळ’ म्हणून विचारलं नाही. अधूनमधून सगळे मिळून एक सुस्कारा तेवढा सोडायचे.

तर एका सकाळी बायको खुर्चीतून उठली. उठली म्हणजे आधी एक हात खुर्चीवर, मग दुसरा, मग ‘आई गं’, मग कंबर, आणि सगळ्यांत शेवटी ती.

“बस झालं,” ती म्हणाली.

“अगं, थोडाच वेळ. तो राखी आत्ता कुठे जुळायला लागला होता.”

“राखीला सांगा, मी स्वयंपाकघरात गेले. तिथं निदान पातेल्यात बटाटा टाकला तर बटाटाच बाहेर येतो.”

“तुझ्याशिवाय ठिगळ उभं राहत नाही गं.”

“माझीही कंबर आता उभी राहत नाही. अहो, जन्म गेला माझा या खुर्चीत. काल तुम्ही बाहेर गेलात तेव्हा भिंतीला लावलेली सगळी चित्रं एकेक करून पाहिली. म्हटलं, कुठेतरी असेन. कुठे आहे मी? राखी ती मी की मातकट ती मी?”

“सगळंच तू.”

“सगळंच म्हणजे कुणीच नाही. एकात तरी मला काढा. बघणाऱ्याने म्हटलं पाहिजे, अरे, ही तर तीच. तोवर या खुर्चीला माझा रामराम.”

आणि तिने खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग आणून टाकला. संपलं.

तिकडे बुवांची चित्रं विकणारा दालनवाला नव्या मोठ्या चित्राची वाट बघत होता. त्याने दर्शनी भिंत मोकळी करून खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. बुवांनी कपड्यांच्या ढिगासमोर बसून पाहिलं. ठिगळात नुसते कपडे आले, आणि तेही न धुतलेले. मग त्यांनी मेहुण्याला बोलावलं. बायकोचा हा धाकटा भाऊ कामावरून निवृत्त होऊन घरी बसला होता, आणि घरी तो कुणालाच नको होता.

“बसायचंच ना, भाऊजी? त्यात आपला हात धरणारा कोणी नाही,” म्हणत तो बसला, आणि डोळे मिटण्याआधीच घोरू लागला. चित्रात एक गलेलठ्ठ हिरवं ठिगळ उतरलं. ते पाहणाऱ्याला ढेकर यायची. दालनवाल्याला लागोपाठ आल्या.

“बुवा, हे मी भिंतीवर लावलं तर शेजारी औषधाचं दुकान काढावं लागेल,” तो पोटावर हात फिरवत म्हणाला. “वहिनींना बसवा ना परत.”

“तिची अट आहे.”

“मग पाळा की अट. एक तोंड काढायचं. तुम्हाला काय जड आहे?”

जड होतं. ते त्याला कसं सांगायचं? बुवांचा हात आता नाकाकडे निघायचा आणि वाटेतच चौकोन होऊन बसायचा. डोळा काढायला घ्यावा तर खिडकी व्हायची. खांदा दुखत होता, ब्रशचं वजन पाण्याने भरलेल्या बादलीएवढं वाटत होतं. बायको समोर बसायची नाही, तेव्हा सगळं मनातूनच काढायचं. त्यांनी काढलं, खरवडलं, पुन्हा काढलं. मनात मात्र तो चेहरा पक्का होता. भुवईची कमान, वरच्या ओठावरची ती किंचित मुडप. शेवटी एका दुपारी चेहरा आला. आला म्हणजे असा आला की बुवांनी स्वतःच स्टूल मागे सरकवलं. वाटलं, जमलं. हात मेला नव्हता.

मेहुणा दारातूनच ओरडला, “ताई! अगदी ताई! अरे, ही तर तीच!”

अट पुरी झाली. बुवांनी बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली. चित्रासमोर उभी राहिली.

“गोड आहे,” ती म्हणाली. “कोण ही?”

“कोण म्हणजे? तू!”

“ही लग्नातली मी. ही मला आता रस्त्यात भेटली तर ओळखायचीसुद्धा नाही. भाऊ ओळखणारच, त्याला माझा तेवढाच चेहरा ठाऊक, नंतर त्याने मान वर करून बघितलंय कुठे?” मेहुणा खाली बघू लागला. “त्याचं सोडा. तुम्ही तर रोज सकाळी बघत होता माझ्याकडे. काय बघत होता हो?”

एवढी वर्षं बुवांनी तिच्या जागी पडणारा उजेड पाहिला होता, सावलीतला निळा पाहिला होता. ती म्हातारी होत होती, ते त्यांच्या नजरेतून निसटलं होतं. त्यांनी खरवडायची सुरी उचलली.

“पुसू नका तिला,” बायको म्हणाली. “तिचा काय दोष?” चित्र तिनेच उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मग दिवस नुसते गेले. बुवा खोलीत जायचे, ब्रश धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. बायकोची कंबर बिघडतच चालली होती. सबंध घरात दुपारी ऊन यायचं ते त्याच एका खोलीत, म्हणून ती तिथल्या खाटेवर येऊन पडू लागली. “माझ्याकडे बघू नका,” ती पहिल्या दुपारी म्हणाली. “बसलेली नाही मी. झोपलेली आहे.” आणि खाकी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

बघू नका म्हटल्यावर माणूस बघतोच. घोंगडीखाली ती एखाद्या लांबट टेकाडासारखी पसरली होती. बुवांच्या नजरेने सवयीने त्याचं ठिगळ करून टाकलं. पण घोंगडी आखूड होती. एक पाऊल बाहेर राहिलं होतं. टाच भेगाळलेली, करंगळी शेजारच्या बोटाखाली दडपलेली, घोट्यापाशी एक निळी शीर. बुवा ते पाऊल पाहत राहिले. हे पाऊल त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते याच घरात दिवसभर चालत होतं.

त्यांनी पॅलेट घेतली. घोंगडीचं ठिगळ काढलं, मोठं, कॅनव्हासभर. आणि खाली कडेला ते पाऊल, जसंच्या तसं, भेगेसकट. रोज दुपारी ती झोपायची आणि ते काढायचे. तिला ठाऊक नव्हतं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चौथ्या का पाचव्या दुपारी घोंगडी वीतभर वर सरकलेली होती.

चित्र झाल्याचा वास दालनवाल्याला बरोबर आला. तो पुढे झाला, मागे झाला, मान तिरकी केली.

“ठिगळ झकास आहे. आपलं नेहमीचं, पण जिवंत. मात्र बुवा, हे खाली पाऊल... लोक विचारतील, ही बाई आहे की रंग? ना धड हे, ना धड ते. तेवढं झाकून टाका. दोन फटकाऱ्यांचं काम.”

खाटेवरून आवाज आला नाही, पण घोंगडीच्या आतला श्वास थांबला होता. बुवांना तो थांबलेला ऐकू आला.

“नाही,” बुवा म्हणाले.

“अहो, पण खिळा ठोकलाय मी!”

“त्याला तुमची टोपी अडकवा. चित्र पावलासकट जाईल, नाहीतर जाणारच नाही.” एवढं बोलून त्यांना धाप लागली. ते स्टुलावर बसले. दालनवाला ‘बघतो, विचार करतो’ असं पुटपुटत जिना उतरला.

घोंगडी बाजूला झाली. बायको एक हात, दुसरा हात, ‘आई गं’ करत उठली आणि चित्रापाशी जाऊन वाकली. आधी चित्र, मग स्वतःचा पाय, मग पुन्हा चित्र.

“ही मीच,” ती म्हणाली. “दुसरं काही चांगलं सापडलं नाही वाटतं अंगावर?”

“बसशील आता?”

“बसायची नाही. झोपेन हवं तर. झोपायला माझी कधीच ना नाही.” ती पुन्हा खाटेवर टेकली आणि पाय त्यांच्याकडे पसरला. “एवढ्या प्रेमाने भेगा रंगवल्यात, आता जरा खऱ्या टाचेला तेल चोळा. ठणकतेय कधीची.”

बुवांनी पाय मांडीवर घेतला. हाताला टर्पेंटाइनचा वास होता, तिने नाक मुरडलं, पण पाय काढून घेतला नाही. अंगठा टाचेवरून फिरता फिरता बुवा थबकले. आतल्या बाजूला आणखी एक भेग होती, खोल, जुनी. ती त्यांनी काढलीच नव्हती. ते उठून ब्रशकडे बघू लागले.

“बसा खाली,” डोळे मिटूनच ती म्हणाली. “ती राहू द्या. सगळंच कशाला सांगायचं लोकांना?”