तिचा पुकारा

फाउस्तिना साखरेचा पुडा आणि दोन मेणबत्त्या घेऊन चढण चढताना दिसली, तेव्हा नाबोरनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. युकुनू गावात साखर आणि मेणबत्त्या एकदम घराबाहेर पडतात ते एकाच कारणासाठी, मयताच्या घरी द्यायला. कुणीतरी गेलं होतं.

हात पुसत तो टेलिफोनच्या खोलीत शिरला. खोली त्याच्याच घराला चिकटून होती. कर्ण्यांच्या मशीनवर त्याच्या बायकोनं, लालियानं, स्वतः भरतकाम केलेलं फडकं होतं. ते त्यानं उचललं, घडी घातली आणि बटण दाबलं. मशीन जुनं, तापायला पाच मिनिटं घ्यायचं. बाहेर निलगिरीच्या खांबावरच्या चारही कर्ण्यांतून घुंऽऽ असा आवाज सुरू झाला.

फाउस्तिना दारात आली. तिच्यामागे सुतार होता, पाववाली होती, आणखी चारजण होते. कुणाच्या हातात मका, कुणाच्या हातात घेवडा.

"लालिया नाही घरी," नाबोर म्हणाला. "शहरात गेलीय ऑपरेशनला. पित्ताचे खडे. रविवारी येईल. पण पुकारा काय थांबतोय? मी मशीन लावून देतो, तूच बोल."

सुतारानं डोक्यावरची टोपी काढली.

"अगं, बोल की फाउस्तिना. घसा बसला काय? कोण गेलं? नाव सांग."

फाउस्तिनाला हुंदका आला. माईक चालू होता. हुंदका चारही कर्ण्यांतून गावभर गेला, समोरच्या डोंगरावर आपटला आणि परत आला.

"नाबोर," ती म्हणाली, "तुला कुणीच सांगितलं नाही का रे?"

हेही गावानं ऐकलं. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता. नाबोरनं तिच्याकडे पाहिलं, मग सुताराकडे, मग सगळ्यांच्या हातांकडे. आणि त्यानं बटण बंद केलं.

झालं होतं ते असं. लालियाचं ऑपरेशन सकाळी झालं आणि ती त्यातून उठली नाही. सोबत गेलेली इत्सेल ही दोघांची मानलेली लेक, नाबोरला 'पाद्रिनो', म्हणजे धर्मपिता, म्हणणारी. तिनं उत्तरेत, सीमेपलीकडे, अबुंदियोला फोन केला. अबुंदियो हा नाबोरचा मुलगा, तिकडे एका हॉटेलात भांडी धुतो. त्यानं तिथंच मोरीशी उभं राहून आईचा फोटो शोधला, त्याला काळी फीत लावली आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या ग्रुपवर चारशे माणसं, निम्मी गावात, निम्मी उत्तरेत. इत्सेलला वाटलं, बापाला मुलगा सांगेल. मुलाला वाटलं, गावातलं कुणीतरी पळत जाऊन सांगेल. गावाला वाटलं, घरच्यांना आधी ठाऊक असणारच. नाबोरकडे मोबाईल नव्हता, आणि खोलीतल्या टेलिफोनची तार दोन वर्षांपूर्वीच कापली होती. दोष द्यावा असा कुणीच नव्हता. नाबोरनं शोधून पाहिला होता.

एकतीस वर्षं लालिया त्या खोलीत बसली. गावात टेलिफोन एकच होता. उत्तरेतून फोन यायचा, ती नाव विचारायची, "दहा मिनिटांनी परत लाव पोरा," म्हणायची आणि माईक ओढायची. "रेफुहिया मेंदोसा, रेफुहिया मेंदोसा, तुझा फोन आलाय. लगबगीनं ये." मग थांबायची. डोंगर तेच परत म्हणायचा. त्याचं बोलून झालं की ती पुन्हा बोलायची. डोंगराच्या मध्ये बोलू नये, असं तिचं म्हणणं होतं. बायका पिठाचे हात तसेच घेऊन धावत यायच्या. एकदा एक नवरीसुद्धा चर्चमधून तशीच आली होती, कारण भावाच्या कार्डात पैसे थोडे होते आणि तो परत लावू शकला नसता.

नाबोर तारा जोडायचा, कर्ण्यांतली गांधीलमाश्यांची पोळी काढायचा. माईकवर तो कधी बोलला नाही. "तुझा आवाज म्हणजे रांजणात बेडूक," लालिया म्हणायची. "तू आपला खांबावर चढ."

मेलेल्या माणसाचा पुकारा निराळा होता. नाव तीनदा घ्यायचं, पुरतं, आईच्या आडनावासकट. लालिया तो उभी राहून द्यायची.

"तीनदा कशाला?" लग्नानंतर एकदा नाबोरनं विचारलं होतं.

"एकदा गावासाठी, एकदा देवासाठी."

"आणि तिसऱ्यांदा?"

"ज्याचं नाव, त्याच्यासाठी. माणूस गेला ना, की त्याला स्वतःला कुठं ठाऊक असतं? तो आपला घरातच फिरत राहतो, चपला शोधतो, चुलीपाशी बसतो. नाव ऐकलं की मग त्याला कळतं. मग तो निघतो."

तिच्या आधी तिची आत्या हेच सांगायची. त्या वेळी कर्णे नव्हते. आत्या डोंगराच्या टोकाला जाऊन ओरडायची.

मग मोबाईलचा मनोरा आला. एक-दोन वर्षांत खोलीतली बाकं रिकामी झाली. लालियानं तक्रार केली नाही. "बरं झालं," ती म्हणायची. "आता रेफुहियाला पोराशी बोलताना सगळ्यांसमोर रडावं लागत नाही." पण ती रोज खोली झाडायची. पाव आला, गाढव हरवलं, पाणी आज वरच्या आळीला, एवढंच पुकारायची. आणि मरणं. मरणाची बातमी हल्ली ग्रुपवर आधी पोचायची, तरी माणसं पुकारा ऐकायला दारात येऊन उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी तिला पुरलं. इत्सेलनं मोबाईल उंच धरला होता आणि त्यात अबुंदियो होता. अंगावर कामाचा ओला एप्रन. कागदांशिवाय गेलेला, आला असता तर परत जाऊ शकला नसता. तो मोबाईलमधून म्हणाला, "इत्सेल, थोडं खाली धर. आईचे हात दाखव." तिनं हात दाखवले. नाबोरला वाटलं, हे बरं आहे. याचे आजोबा वारले त्या वेळी असं काही नव्हतं, तेव्हा उत्तरेत असलेल्या काकाला पत्रानं दीड महिन्यानं कळलं होतं.

घरी आल्यावर इत्सेलनं मोबाईल देव्हाऱ्यावर, झेंडूच्या फुलांना टेकवून ठेवला. खाली जमिनीवर, लालियाला जिथं ठेवलं होतं तिथं, फाउस्तिनानं चुन्याचा क्रूस काढला. नऊ दिवस त्याच्यापाशी प्रार्थना म्हणायची आणि नवव्या दिवशी तो गोळा करून उचलायचा, की जीव मोकळा.

"पप्पा," अबुंदियो म्हणाला, "तीनशेवर लोकांनी निरोप पाठवलेत. सगळ्यांना कळलंय."

"तिला कळलंय का?"

"काय?"

"काही नाही. जेवलास का तू?"

पुढचे दिवस धुक्यात गेले. सकाळी धुकं दरीतून वर यायचं, थेट दारात, आणि दुपारी कधीतरी निघून जायचं. नाबोर उठायचा तेव्हा चूल कोमट असायची. त्यानं रात्री विझवलेली असायची, तरी कोमट. लालियाच्या चपला खाटेखाली ठेवल्या तर दाराशी सापडायच्या. कदाचित त्यानंच ठेवल्या असतील. खोलीच्या फरशीवर धूळ बसत नव्हती. एकदा तो मक्याच्या वाफ्यात उभा होता आणि खोलीतून फडकं झटकल्याचा आवाज आला. तो वळला नाही. वळून पाहिलं तर काही दिसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि न पाहता तो आवाज चांगला स्पष्ट येत होता.

त्यानं दोन कप कॉफी करायला सुरुवात केली. एक आपसूक गार व्हायचा.

आठव्या दिवशी फाउस्तिना म्हणाली, "नाबोर, उद्या क्रूस उचलायचाय. पुकारा झालेला नाही."

"सगळ्यांना ठाऊक आहे की. ग्रुपवर आलं."

"ग्रुपवर काय, माझ्या नातवाचा दातसुद्धा आला." ती खाली बसली. "गावाला कळलं रे. पण गावासाठी एकदाच असतो तो. उरलेले दोन?"

इत्सेल म्हणाली, "पाद्रिनो, मी देऊ का पुकारा? तुम्ही बाजूला बसा."

"तू छान बोलशील, पोरी," नाबोर म्हणाला. "पण नको. बेडूकच बोलेल."

नवव्या दिवशी दुपारी, धुकं निघून गेल्यावर, तो खांबावर चढला आणि चारही कर्णे पुसले. एकात गांधीलमाश्यांनी घर धरलं होतं, ते काढलं. मग खोलीत गेला. फडक्याची घडी घातली, बटण दाबलं. घुंऽऽ सुरू झालं. इत्सेल दारात मोबाईल धरून उभी होती. त्यात अबुंदियो होता आणि त्याच्यामागे हॉटेलातले तीन-चार गाववाले, टोप्या काढून.

नाबोर उभा राहिला. खाली गावात माणसं दारात आली. सुतार, पाववाली, रेफुहिया. मोबाईल त्यांच्याही हातात होते, पण कुणी त्यात पाहत नव्हतं. सगळे खांबाकडे पाहत होते.

"एउलालिया क्रूस सांतियागो," नाबोरनं लालियाचं पुरतं नाव घेतलं.

आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. खरंच रांजणात बेडूक. तो थांबला. डोंगरानं नाव परत दिलं, जरा हळू, जरा बारीक. डोंगराच्या तोंडी ते नाव तिच्या माहेरच्यांनी हाक मारल्यासारखं वाटत होतं.

"एउलालिया क्रूस सांतियागो."

डोंगर पुन्हा बोलला. फाउस्तिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. आता तिसऱ्यांदा, आणि मग 'देवाघरी गेली' एवढे दोन शब्द. खोली झाडलेली होती. खिडकीतून ऊन येऊन बाकावर पडलं होतं, जिथं एकतीस वर्षं माणसं फोनची वाट पाहत बसली होती. नाबोरला वाटलं, ती दाराच्या मागं उभी आहे, हातात फडकं, आणि ऐकते आहे की हा काय म्हणतोय.

तिसरं नाव तिचं होतं. ते घेतलं की तिला कळणार होतं.

त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"लालिया," तो म्हणाला, "तुझा फोन आलाय. लगबगीनं ये."

डोंगर म्हणाला, फोन आलाय, ये.

गावात कुणी हललं नाही. मोबाईलमधून अबुंदियोच्या रडण्याचा आवाज आला आणि इत्सेलनं मोबाईल छातीशी धरला. नाबोर बाकावर बसला. फोन आल्यावर माणसाला पोचायला दहा मिनिटं द्यायची, असा तिचा नियम होता. त्यानं दहा मिनिटं दिली. मग उठून बटण बंद केलं आणि मशीनवर फडकं घातलं.

त्याला आता दीड महिना झाला. खोली तो रोज झाडतो. चुन्याचा क्रूस घरात जमिनीवर तसाच आहे, येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जातात. फाउस्तिना विचारत नाही. तो उचलायचा राहिला आहे. आणि मरणाच्या पुकाऱ्यातलं तिसरं नाव घ्यायचं राहिलं आहे.